गिटलीक्स : कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड हुडकणारे साधन

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील चादर आणि टॉवेल कारखान्यांसाठी बिलिंगची व मालसाठ्याची सॉफ्टवेअर तयार करणारे आमचे सहा जणांचे कार्यालय सोलापुरात आहे. एकच कोड प्रत्येक कारखान्यासाठी थोडा थोडा बदलून देताना डेटाबेसचा पासवर्ड किंवा एसएमएस सेवेचे टोकन (त्या सेवेत प्रवेश देणारी परवलीची अक्षरमाला) ‘नंतर काढू’ म्हणून थेट फाईलमध्ये लिहिले जाते आणि तसेच राहते. या धास्तीपोटी गेले चार महिने आम्ही गिटलीक्स वापरत आहोत. ते मुक्त स्रोत आहे, गो भाषेत लिहिलेले आहे आणि एमआयटी परवान्याखाली फुकट मिळते. एकच फाईल उतरवली की काम सुरू होते.

त्याची खरी किंमत कळते ती जुना इतिहास तपासताना. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली काहीही विसरत नाही. पासवर्ड आजच्या फाईलमधून पुसला तरी कालच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, तो जसाच्या तसा असतो. आमच्याच एका कमिटचा संदेश ‘पासवर्ड काढला’ असा होता, म्हणजे चोराला वाट दाखवणारी पाटीच. पहिल्या तपासणीत ४७ नोंदी निघाल्या आणि त्यांतील ९ खऱ्या होत्या. तो अहवाल मी उत्साहाने सर्व सहकाऱ्यांना ईमेलने पाठवला आणि मग लक्षात आले की त्यात सगळे पासवर्ड उघडे छापले आहेत. ते झाकण्यासाठी ‘रिडॅक्ट’ हा पर्याय आहे, तो पहिल्या दिवसापासून वापरावा.

ओळखण्याची रीत दुहेरी आहे. काही गुपितांना ठरावीक घडण असते. ॲमेझॉनच्या क्लाउडची कायमस्वरूपी ॲक्सेस-की (प्रवेशाची किल्ली) ‘एकेआयए’ या चार अक्षरांनी सुरू होते आणि एकूण २० अक्षरांची असते, त्यामुळे ती नमुन्यावरूनच सापडते. जिथे अशी घडण नसते तिथे अक्षरे किती विस्कळीत आहेत, म्हणजे एन्ट्रॉपी किती, हे मोजले जाते. मात्र माणसाने लक्षात राहावा म्हणून ठेवलेला पासवर्ड या चाळणीतून सहज निसटतो. आमच्या एका ग्राहकाच्या डेटाबेसला ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नाव आणि पुढे एक आकडा असा पासवर्ड होता. तो साधनाला दिसलाच नाही, डोळ्यांनी वाचताना सापडला. त्यानंतर मी गिटलीक्सच्या नियमांच्या टॉमल फाईलमध्ये आमचा स्वतःचा नियम लिहिला. उलट, टॉवेलच्या डिझाइनचे लांबलचक संकेतांक त्याला गुपिते वाटले. असे खोटे इशारे वगळण्याची सोय आहे, पण त्या यादीत भर घालताना आळस नडतो, कारण घाईत खरी नोंदही तिच्यात जाऊ शकते.

सापडलेली की अजून चालू आहे की बंद, हे गिटलीक्स सांगत नाही. ट्रफलहॉग हे दुसरे साधन संबंधित सेवेला विचारून ते पडताळते. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही तेही चालवतो. रोजच्या कामाला मात्र गिटलीक्सच बरे, कारण कमिट करण्याआधी ते फक्त नवा बदल पाहते आणि क्षणभरात निकाल देते.

‘आमची रिपॉझिटरी खासगी आहे, एवढे कशाला?’ असे एका ग्राहकाने विचारले. रिपॉझिटरी म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास यांचा साठा. २०१६ साली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील उबरच्या खासगी रिपॉझिटरीत हल्लेखोर शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची की मिळाली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली, हे सांगितल्यावर ते गप्प झाले. सापडलेली की आधी बदलायची आणि इतिहास नंतर साफ करायचा, हा क्रम मोडू नये. कारण इतिहास धुतला तरी सहकाऱ्यांच्या संगणकांवरील जुन्या प्रती तशाच असतात. आम्हाला एका एसएमएस सेवेचे टोकन बदलून मिळायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस झोप नव्हती.

एक उणीव गिटची आहे, पण भोगावी लागते ती इथे : कमिटपूर्व हूक, म्हणजे कमिटआधी आपोआप तपासणी चालवणारा छोटा प्रोग्राम, रिपॉझिटरीची प्रत उतरवताना (क्लोन करताना) तिच्याबरोबर येत नाही. नव्याने रुजू झालेल्या मुलाच्या लॅपटॉपवर तो बसवायचा राहिला आणि दुसऱ्याच आठवड्यात एक टोकन आत गेले. आता तीच तपासणी सर्व्हरवरही लावली आहे.