डेस्कटॉप अ‍ॅपसाठी एसक्यूलाइट: एसक्यूएल.जेएस घ्यावं की बेटर-एसक्यूलाइट३?

जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅप लिहिताय, डेटा एकाच मशीनवर राहणार आहे, आणि डेटाबेसचा सर्व्हर बसवून तो सांभाळायची ना ग्राहकाची तयारी आहे ना तुमची. अशा वेळी एसक्यूलाइट (सर्व्हरशिवाय, एकाच फाइलमध्ये चालणारा डेटाबेस) घ्यायचं हे बहुतेकांचं ठरलेलंच असतं. गाडी अडते ती पुढे. ते जावास्क्रिप्टमध्ये आणायचं कुठल्या पॅकेजमधून? एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात, शोधलं की पाच-सहा नावं समोर येतात आणि प्रत्येकाच्या माहितीपानावर ‘सोपं’ आणि ‘वेगवान’ हे दोन शब्द असतातच. त्यातली दोन मी एकाच अ‍ॅपमध्ये, एकापाठोपाठ एक वापरली. वेग मोजायचे प्रयोग मी केलेले नाहीत, त्यामुळे आकड्यांचे तक्ते इथे मिळणार नाहीत.

अ‍ॅप आहे एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं. ‘ब’ वर्ग, एकोणीस हजारांच्या आसपास पुस्तकं, सहाशे सभासद. संगणक एकच, तोही देणगीत मिळालेला. पुस्तकांची दाखल नोंद, रोजची देवघेव, वर्गणी, अनामत आणि वर्षाअखेरीचा अहवाल एवढंच काम. इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप बनवायच्या साधनात, लिहायचं ठरलं, कारण मला दुसरं काही पटकन येत नव्हतं.

आधी एसक्यूएल.जेएस घेतलं, आणि आजही कुणी ते घेतलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. हे म्हणजे एसक्यूलाइटचा मूळ सी भाषेतला कोडच एमस्क्रिप्टन या साधनानं वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरलाही चालवता येईल अशा स्वरूपात) उतरवलेला. त्यामुळे ते इन्स्टॉल होताना काहीही कंपाइल होत नाही. पायथन लागत नाही, सीचा कंपायलर लागत नाही, विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं हा प्रश्नच उद्भवत नाही. वेबअसेम्ब्लीची एक वॅझम फाइल शेजारी ठेवली की ब्राउझर, नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं), इलेक्ट्रॉन, कुठेही तेच चालतं. नव्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी इन्स्टॉलची कमांड दिली आणि चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत पहिली क्वेरी चालली. हे सुख लहान नाही.

त्याचं कामकाज मात्र वेगळं आहे, ते आधी डोक्यात बसवावं लागतं. अख्खा डेटाबेस मेमरीत राहतो. तुम्ही इन्सर्ट केलं, अपडेट केलं, तरी डिस्कवर काहीही उमटत नाही. जतन करायचं तर एक्सपोर्ट नावाचं फंक्शन बोलवायचं. ते पूर्ण डेटाबेसचे बाइट हातात देतं आणि ते तुम्ही फाइलमध्ये लिहायचे. एका सभासदाचा फोन नंबर बदलला तरी एकोणीस हजार पुस्तकांसकट सगळी फाइल पुन्हा लिहायची. जुन्या हार्ड डिस्कवर प्रत्येक नोंदीला हे जाणवायला लागलं, म्हणून मी दर दोन मिनिटांनी आणि अ‍ॅप बंद होताना जतन करायचं ठरवलं. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहील, म्हणून आधी तात्पुरत्या नावानं लिहायची आणि मग नाव बदलायचं, तेही केलं. तरी शेवटच्या दोन मिनिटांतली देवघेव जाणार ती जाणारच. ग्रंथपाल मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, “दोन मिनिटांत आमच्याकडे कोण येतंय?” तेही खरंच.

मग ज्या एका गोष्टीनं माझा निर्णय फिरवला ती घडली.

मॅडमचा फोन आला. थकीत पुस्तकांच्या यादीत एका ओळीत सभासदाचं नावच नाही. दाखल क्रमांक आहे, तारीख आहे, नावाच्या जागी कोरं. खोदून विचारल्यावर कळलं की कुणीतरी सभासदत्व सोडलं, अनामत परत घेतली, आणि मॅडमनी त्यांची नोंद काढून टाकली. त्यांच्याकडे दोन पुस्तकं बाकी होती. आता हे होऊच नये यासाठी मी देवघेवीच्या टेबलवर फॉरिन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीशी बांधणारा नियम) लावलेली होती. एसक्यूलाइटमध्ये फॉरिन की मुळात बंद असतात आणि प्रत्येक कनेक्शनवर प्रॅग्मा (सेटिंगची आज्ञा) देऊन चालू कराव्या लागतात, हे मला ठाऊक होतं. अ‍ॅप सुरू होतानाच ती ओळ होती. मी घरी अ‍ॅप उघडलं, पुस्तक बाकी असलेला सभासद काढायला गेलो, अ‍ॅपनं अडवलं. पुन्हा केलं, पुन्हा अडवलं. मॅडमना म्हणालो, इथे तर नीट चालतंय. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे चालत असेल.”

रविवारी गेलो. त्यांच्या टेबलाशी बसून काढायला गेलो तर सभासद बिनबोभाट निघाला. फाइल तीच, अ‍ॅप तेच, आवृत्ती तीच. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं, तर अडवलं! तिथे डोक्यात उजेड पडायला लागला. घरी मी अ‍ॅप उघडून पहिल्याच मिनिटात तपासत होतो. वाचनालयात ते सकाळी आठला उघडतं आणि दुपारपर्यंत चालू राहतं. म्हणजे मधे काहीतरी घडतंय, आणि मधे घडणारी एकच गोष्ट होती: दर दोन मिनिटांचं जतन.

एसक्यूएल.जेएसच्या दस्तऐवजात एक्सपोर्टबद्दल एक वाक्य आहे. या क्रियेत डेटाबेस बंद करून पुन्हा उघडला जातो आणि त्यामुळे सगळे प्रॅग्मा मूळ स्थितीला जातात. झालं. पहिल्या जतनानंतर माझ्या फॉरिन की बंद व्हायच्या आणि दिवसभर बंदच राहायच्या. एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

लाज वाटावी असा भाग पुढे आहे. याचा पुरावा दोन महिने माझ्या हातात होता. सभासदांची यादी वर्णक्रमानं लावताना एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमानं जातं आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे काळे आडनावाची मंडळी कासारांच्या आधी यायची, आणि वर्षानुवर्षं हातानं रजिस्टर लिहिलेल्या मॅडमना ते पहिल्या दिवशी खटकलं. मी वर्णक्रमाचं एक छोटं फंक्शन लिहून डेटाबेसला जोडलं आणि ऑर्डर बायमध्ये ते वापरलं. मधूनच एरर यायची, ‘असं फंक्शन नाही’. का नाही याचा विचार न करता मी ते प्रत्येक यादीच्या आधी पुन्हा जोडायला लागलो आणि पुढे गेलो. कारण तेच होतं! जोडलेली फंक्शनंही एक्सपोर्टमध्ये गळून पडतात, आणि तयार करून ठेवलेली स्टेटमेंटंही. फंक्शन गेलं तेव्हा अ‍ॅप ओरडलं, फॉरिन की गेल्या तेव्हा गप्प राहिलं.

यावर उपाय एका ओळीचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. एक्सपोर्ट झालं की लगेच प्रॅग्मा आणि फंक्शनं पुन्हा लावायची. मीही ते केलं, आणि अ‍ॅप त्यानंतर नीट चाललं. पण मन उडालं ते उडालंच. एखादी गोष्ट चालू आहे असं समजून मी झोपतो आणि ती दोन मिनिटांत बंद होते, हे मला पचलं नाही. दुसऱ्या कुणाला ही एवढीशी गोष्ट वाटेल, आणि त्याचंही चूक नसेल.

मग बेटर-एसक्यूलाइट३. इथे सुरुवातच कटकटीनं होते. हे नेटिव्ह मॉड्यूल आहे. तुमच्या नोडच्या आवृत्तीसाठी आधीच तयार केलेली बायनरी मिळाली तर ठीक, नाहीतर ते तुमच्या मशीनवर कंपाइल होणार. विंडोजवर त्यासाठी पायथन हवं, व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स हवीत, आणि ती डाउनलोड व्हायला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काय होतं ते विचारू नका. एवढं करून इलेक्ट्रॉन चालू केलं की लाल अक्षरांत येतं: हे मॉड्यूल नोडच्या वेगळ्या आवृत्तीसाठी कंपाइल झालंय, त्याचा क्रमांक ११५, इथे हवा ११९. नोड २० चा ११५, इलेक्ट्रॉन २८ चा ११९. इलेक्ट्रॉनच्या पोटात नोडच असला तरी त्याचा हा क्रमांक वेगळा, म्हणून इलेक्ट्रॉनसाठी रीबिल्ड करायचं. ते केलं की साध्या नोडवर चालणाऱ्या टेस्ट मोडतात, मग पुन्हा उलटं. पहिल्या आठवड्यात मी हे इतक्या वेळा केलं की शेवटी दोन वेगळी फोल्डर ठेवली आणि विषय संपवला. वाचनालयातलं विंडोज ३२ बिटचं निघालं, तेव्हा तिसरा बिल्ड.

पण बघा, ही सगळी कटकट माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, लाल अक्षरांत होते. अ‍ॅप एकदा उघडलं की मॅडमच्या वाट्याला त्यातलं काही जात नाही. आणि या पॅकेजमध्ये एसक्यूलाइट कंपाइल करतानाच फॉरिन की चालू ठेवलेल्या असतात, तुम्ही प्रॅग्मा दिला नाही तरी. ज्यानं हे ठरवलं त्याचा डेटाही कधीतरी असाच पोरका झाला असावा, असा माझा आपला अंदाज.

डेटा थेट फाइलमध्ये जातो, मेमरीत अख्खा डेटाबेस ओढावा लागत नाही, आणि लिहिताना वीज गेली तर सावरायचं काम एसक्यूलाइटचं जर्नल करतं. माझा दोन मिनिटांचा टायमर, तात्पुरती फाइल, नाव बदलणं, सगळं खोडून टाकलं. जवळजवळ शंभर ओळी गेल्या.

एक आक्षेप हमखास येतो, की हे सगळं सिंक्रोनस आहे. क्वेरी चालू असताना बाकीचं थांबतं. खरं आहे. वार्षिक अहवालाच्या क्वेरीला माझी खिडकी काही सेकंद गोठायची आणि मॅडम माउस आपटायच्या. देवघेवीच्या तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकला आणि तक्रार बंद झाली. तुमच्या क्वेरी खरंच जड असतील तर वर्कर थ्रेडमध्ये हलवा. पण एका माणसानं वापरायच्या अ‍ॅपमध्ये सिंक्रोनस असणं मला उलट सोयीचं पडलं. पुस्तक देणं म्हणजे देवघेवीची नोंद, प्रत बाहेर गेल्याची खूण आणि सभासदाची मोजणी, तिन्ही मिळून एक ट्रान्झॅक्शन. ते एका फंक्शनमध्ये गुंडाळलं की झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. त्या फंक्शनमध्ये अवेट मात्र घालू नका, ते तिथे चालत नाही.

नुसतं एसक्यूलाइट३ नावाचं जुनं पॅकेजही आहे, कॉलबॅकवालं. ते मी दुसऱ्या कामात दोन दिवस वापरलं. नव्या ओळीचा आयडी तिथे ‘धिस’वरून मिळतो, आणि सवयीनं अ‍ॅरो फंक्शन लिहिलं की ‘धिस’ भलताच निघतो. शिवाय एकाच कनेक्शनवर दोन असिंक्रोनस कामं सुरू असली की एकाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्याच्या ओळी घुसू शकतात. मला तिथे परत जावंसं वाटलं नाही.

अलाएसक्यूएलचा प्रकार निराळा. ते एसक्यूलाइट नाहीच, शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं स्वतंत्र इंजिन आहे, त्याची बोलीही थोडी स्वतःची. जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेवर किंवा एक्सेलच्या फाइलवर थेट सिलेक्ट मारता येतो. वाचनालयाची जुनी यादी एक्सेलमध्ये होती, एकच लेखक पाच तऱ्हांनी लिहिलेला. ती साफ करताना ग्रुप बाय मारायला हे फार उपयोगी पडलं. कायमचा डेटा मी त्यात ठेवणार नाही.

तुमचं अ‍ॅप ब्राउझरमध्येच चालणार असेल तर मात्र माझं झुकतं माप बाजूला ठेवा, कारण तिथे बेटर-एसक्यूलाइट३ चालतच नाही. ब्राउझरमध्ये वेबएसक्यूएल होतं, पण सगळ्यांच्या मागे एसक्यूलाइटच असल्यानं त्याचं मानक होईना आणि २०१० मध्ये त्यावरचं काम थांबलं. आता डेटा थोडा असेल तर एसक्यूएल.जेएस बरं, फक्त एक्सपोर्टनंतरची ती ओळ विसरू नका. डेटा मोठा असेल तर एसक्यूलाइटवाल्यांचा स्वतःचा वॅझम बिल्ड बघा, तो ब्राउझरच्या खाजगी फाइल साठ्यात लिहू शकतो.

आणि नोडमध्ये २२.५ पासून एसक्यूलाइट आतच आलंय, वेगळं पॅकेज न घेता. तेही सिंक्रोनस, फॉरिन की तिथेही आपोआप चालू, आणि रीबिल्डची भानगड नाही. त्यावर मी एक लहान स्क्रिप्ट चालवून पाहिली, आवडलं. वाचनालयाचं अ‍ॅप मात्र अजून हलवलेलं नाही, चालत्या गाडीचं चाक कशाला काढा.

बेटर-एसक्यूलाइट३ घेणार असाल तर एक सांगून ठेवतो. वेगासाठी सगळेच वॉल मोड (आधी नोंदवहीत लिहायची एसक्यूलाइटची पद्धत) चालू करायला सांगतात. त्यात ताज्या नोंदी काही काळ मुख्य फाइलशेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. मॅडम रोज संध्याकाळी अ‍ॅप चालू असतानाच मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढून घ्यायच्या, म्हणजे त्या दिवसाची देवघेव मागेच राहायची. आता त्यांना एक बटण करून दिलंय. ते पॅकेजमधलं बॅकअप फंक्शन बोलवतं, जे या सिंक्रोनस घरातलं एकुलतं एक असिंक्रोनस लेकरू आहे. बटणावर मॅडमच्या सांगण्यावरून ‘पेनड्राइव्ह’ एवढंच लिहिलंय.