व्होल्टेज-मोड आणि करंट-मोड: स्विच बंद कधी करायचा?
स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये एक इलेक्ट्रॉनिक स्विच सतत चालू-बंद करून आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवले जाते; प्रत्येक आवर्तनात तो कधी बंद करायचा, हे नियंत्रक आयसी (चिप) या दोनपैकी एका पद्धतीने ठरवते. व्होल्टेज-मोड नियंत्रकात त्रुटी-व्होल्टेजची (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आउटपुटमधील फरक दाखवणाऱ्या संकेताची) तुलना आयसीतील ठरावीक उताराच्या करवती तरंगाशी होते आणि तरंग त्या पातळीला पोहोचताच स्विच बंद होतो. करंट-मोडमध्ये, उदाहरणार्थ यूसी३८४२ या आयसीत, त्या तरंगाची जागा स्विचमधून वाढत जाणारा प्रवाहच घेतो आणि तो त्रुटीने ठरवलेल्या पातळीला पोहोचताच स्विच बंद होतो.

करंट-मोडमध्ये इनपुट व्होल्टेज वाढले की प्रवाहाचा चढ तीव्र होऊन त्याच आवर्तनात स्पंद (स्विच चालू राहण्याचा काळ) आखूड होतो. साध्या व्होल्टेज-मोडला मात्र आउटपुट ढळेपर्यंत काहीच कळत नाही. शिवाय तिथे इंडक्टर आणि कपॅसिटरचा दुहेरी पोल (फीडबॅकचा संकेत मागे पाडणारा परिणाम) सांभाळावा लागतो, तर करंट-मोडमध्ये व्यवहारात एकच पोल उरल्याने फीडबॅकची जुळणी सोपी होते. यूसी३८४२मध्ये सेन्स-रोधकावरील (प्रवाह मोजणाऱ्या रोधकावरील) १ व्होल्टच्या मर्यादेमुळे प्रत्येक आवर्तनात मॉस्फेटचे, म्हणजे स्विचचे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे, होणारे रक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते.

मात्र करंट-मोडमध्ये इंडक्टरमधील प्रवाह अखंड असताना ड्युटी सायकल (आवर्तनातील स्विच चालू असण्याचा वाटा) ५० टक्क्यांपुढे गेल्यास एक स्पंद रुंद, पुढचा अरुंद अशी दोलने सुरू होतात. ती टाळण्यासाठी प्रवाहाच्या संकेतात कृत्रिम उतार मिसळावाच लागतो. स्विच सुरू होतानाचा टोकदार झटकाही छोट्या आरसी (रोधक-कपॅसिटर) फिल्टरने गाळावा लागतो. हलक्या भारावर प्रवाहाचा संकेत गोंगाटात हरवण्याची भीती असेल, तर मी व्होल्टेज-मोडच निवडेन.