जटामांसीची परीक्षा: पोहण्याची चाचणी की शेपटीने टांगण्याची?

जटामांसीच्या अर्काचा नैराश्यावर आणि चिंतेवर काही उपयोग होतो का, हे प्राण्यांवर तपासायचे ठरवले, तर एम. फार्म.च्या विद्यार्थ्यापुढे नैराश्यासाठी दोन वाटा असतात: फोर्स्ड स्विम टेस्ट (पाण्यात सोडून पोहायला लावणे) किंवा टेल सस्पेन्शन टेस्ट (शेपटीने टांगणे). दोन्हींत प्राणी धडपड सोडून किती सेकंद निश्चल राहतो ते मोजतात; औषध नैराश्यावर चालत असेल तर हे सेकंद कमी होतात.

त्याआधी मूळ तपासा. जटामांसीच्या नावाखाली तगर (फुलझाड नव्हे, व्हॅलेरियन वर्गातली औषधी मुळी) विकली जाते. तगरही शांत करणारी आहे, म्हणून निकाल 'चांगला' येतो आणि चूक लक्षातच येत नाही. खऱ्या जटामांसीच्या कांड्यावर तांबूस-तपकिरी तंतूंच्या जटा असतात. तरीही नुसत्या डोळ्यांवर भिस्त न ठेवता सूक्ष्मदर्शकाने आणि टीएलसीने (अर्कातले घटक पातळ थरावर वेगळे करून ओळखण्याची पद्धत) खात्री करा.

पोहण्याची चाचणी पोर्सोल्ट यांनी 1977 मध्ये मांडली. रॅटला (मोठ्या उंदराला) पहिल्या दिवशी 15 मिनिटे पाण्यात सोडतात, 24 तासांनी 5 मिनिटांची खरी नोंद घेतात आणि मधल्या काळात औषध तीनदा देतात. माइसला (छोट्या उंदरांना) एकदाच 6 मिनिटे पुरतात, त्यांतली शेवटची 4 मोजायची. पाणी 23 ते 25 अंश हवे आणि इतके खोल, की शेपटी तळाला टेकणार नाही. थंड पाण्यात शरीराचे तापमान उतरते आणि तुम्ही औषधाऐवजी थंडी मोजत बसता. प्रत्येक प्राण्यानंतर पाणी बदलावे लागते, नंतर टॉवेलने पुसून ऊब द्यावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सने 2024 मध्ये या चाचणीवर बंदी घातली. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीसमोर जाताना याचे उत्तर तयार ठेवा.

टांगण्याची चाचणी 1985 ची, फक्त माइससाठी. रॅटचे वजन शेपटीला पेलत नाही. शेपटीच्या टोकापासून साधारण 1 सेंटीमीटरवर चिकटपट्टी लावून जमिनीपासून 50 सेंटीमीटर उंचीवर 6 मिनिटे टांगतात. पाणी नाही, गारठा नाही. अडचण एकच: काही जातींचे माइस, विशेषतः सी57 काळे, शेपटीवरून वर चढतात. अशा प्राण्याची नोंद बाद करावी लागते. शेपटीच्या बुंध्याशी हलकी प्लास्टिकची नळी घातली की चढणे थांबते.

जटामांसीसाठी आम्ही टांगण्याचीच बाजू घेऊ, आणि पोहण्याची चाचणी रॅटवर करायची असेल तर त्यात अर्काचा हिशेबही आहे. किलोला 200 मिलिग्रॅम मात्रेने 25 ग्रॅमच्या माउसला दिवसाला 5 मिलिग्रॅम लागतो, 200 ग्रॅमच्या रॅटला 40. आठ प्राण्यांच्या एका गटाला 14 दिवस द्यायचा तर 560 मिलिग्रॅम विरुद्ध जवळजवळ साडेचार ग्रॅम! हिमालयातली ही वनस्पती अतिसंकटग्रस्त आहे. ती इतकी उधळणे योग्य नाही.

दोन्ही चाचण्यांत फसगत मात्र एकाच जागी होते. कॅफीनसारखे उत्तेजक दिले की प्राणी जास्त हलतो आणि औषध नैराश्यावर चालले असे वाटते. जटामांसी उलट दिशेने फसवते: जास्त मात्रेत गुंगी येते, निश्चलता वाढते आणि खरा गुण झाकला जातो. म्हणून त्याच मात्रांवर वेगळ्या गटाची हालचाल ॲक्टोफोटोमीटरवर मोजाच. या आकड्यांविना निश्चलतेचे सेकंद वाचताच येत नाहीत.

चिंतेसाठी एलिव्हेटेड प्लस मेझ (उंचावर ठेवलेली, उघड्या आणि बंद फांद्यांची अधिकच्या चिन्हासारखी वाट) निवडा, 5 मिनिटांची. उघड्या फांद्यांतला वेळ वाढणे ही चिंता कमी झाल्याची खूण; पण तो वाढला आणि एकूण फेऱ्या घटल्या, तर निष्कर्ष जपून काढा. अर्क काढताना अल्कोहोल वापरले असेल तर ते पूर्ण उडवून वाळवा. उरलेले अल्कोहोल स्वतःच चिंता कमी करते. अर्क 0.5 टक्के सीएमसीच्या (द्रावण दाट करणारा पदार्थ) ज्या द्रावणात कालवता, तेच कंट्रोल गटालाही (अर्क न दिलेल्या गटाला) द्या, तितक्याच आकारमानात, किलोला 10 मिलिलिटर. तुलनेसाठी चिंता कमी करणारे डायझेपाम किलोला 1 मिलिग्रॅम, पोटाच्या पोकळीत, 30 मिनिटे आधी. एका प्राण्याला मेझवर एकदाच चढवा: दुसऱ्या वेळी डायझेपामचाही परिणाम दिसेनासा होतो.