ब्रिज बेस ऑनलाइन: भिडू नसताना ब्रिज शिकायचा तर

मेंढीकोट खेळणाऱ्याला रंगाला रंग लावणं, हुकूम कधी मारायचा, भिडूचा हात होतोय असं दिसलं की दश्शी त्यावर कशी फेकायची हे शिकवावं लागत नाही. जजमेंट खेळलेल्याला हात आधी सांगून तेवढेच करायची सवय असते. एवढ्या शिदोरीवर ब्रिजचे नियम एका संध्याकाळी समजतात. गाडी अडते ती पुढे. चार माणसं आठवड्यातून दोनदा एका टेबलाशी बसायला हवीत, आणि एक भिडू कोथरूडला, दुसरा विमाननगरला असेल तर ते महिन्यातून एकदाच जमतं. शिवाय डाव बुडाला की तो नेमका कुठल्या पानाला बुडाला हे सांगणारं कुणीतरी हवं. बहुतेक टेबलांवर ते सांगितलं जात नाही, त्यावर भांडलं जातं.

या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइन, खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘बीबीओ’. इंटरनेटवर ब्रिज खेळायची ही सेवा २००१ पासून चालू आहे. ती सुरू करणाऱ्यांत कॅनडाचे फ्रेड गिटेलमन हे स्वतः मोठे खेळाडू होते, आणि शिकवण्याच्या भागात ते आजही जाणवतं. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर खातं उघडायचं, पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते मुख्यतः भाड्याच्या रोबोटांना (संगणकाने चालवलेल्या खेळाडूंना) आणि बऱ्याचशा स्पर्धांना, तेही ‘बीबी डॉलर’मध्ये, आणि एक बीबी डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. शिकणाऱ्याने पहिले सहा महिने पाकीट उघडायची गरज नाही. मराठी मात्र इथे कुठेच नाही. पण सत्तर-ऐंशी इंग्रजी शब्दांत सगळा कारभार चालतो, त्यामुळे ती अडचण आठवडाभराचीच.

नवा माणूस इथे आल्यावर जी पहिली चूक करतो ती सांगायला हवी, कारण सोयच तशी करून ठेवली आहे. एक बटण दाबलं की तीन रोबोट समोर बसतात आणि डाव सुरू. मजा येते, रात्री दोन कधी वाजले कळत नाही, आणि महिन्यानंतर खेळ होता तिथेच. कारण साधं आहे. रोबोटांबरोबरच्या बहुतेक स्पर्धांत चारही हातांत सर्वांत जास्त पॉइंट तुम्हालाच मिळतील अशी वाटणी असते. कॅटमध्ये एकूण ४० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), म्हणजे सरासरी प्रत्येकाला १०. इथे तुमच्याकडे दर वेळी १४-१५-१७. पाच-सहा पॉइंटचा कंगाल हात घेऊन गप्प बसणं, पास म्हणणं, बचाव करणं हे खऱ्या टेबलावर निम्म्याहून जास्त वेळ करावं लागतं. त्याचा सरावच होत नाही. रोज श्रीखंड खाऊन भाकरीचं पीठ मळायला शिकण्यासारखा हा प्रकार आहे.

सुरुवात करावी ती ‘ब्रिज मास्टर’पासून. सरावाच्या विभागात ते मोफत आहे आणि आमच्या मते या सगळ्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पाच पातळ्या आहेत. बोली आधीच ठरलेली, उतारी झालेली, डमी, म्हणजे भिडूची पानं, समोर उघडी. तुम्ही फक्त खेळायचं. गंमत अशी की इथे नशिबाने वाचायची सोय नाही. चुकीची वाट धरलीत की विरोधकांची पानं तुम्हाला अडवतील अशीच बसलेली निघतात. बुडल्यावर डाव पुन्हा खेळता येतो, आणि उत्तर मागितलं की पान-पान दाखवत कारण समजावलं जातं.

या धर्तीचा एक डाव कागदावर मांडून बघा. करार (म्हणजे ठरलेली शेवटची बोली) तीन नो ट्रम्प: हुकूम नाही आणि नऊ हात करायचे.

डमीत: इस्पिक अठ्ठी-पंजी; बदाम राजा-सत्ती-तिर्री; चौकट राजा-गुलाम-दश्शी-नव्वी-छक्की; किलवर राणी-चौकी-दुर्री.

तुमच्याकडे: इस्पिक एक्का-छक्की-चौकी, बदाम एक्का-राणी-पंजी, चौकट राणी-अठ्ठी-चौकी, किलवर एक्का-अठ्ठी-सत्ती-तिर्री.

डावीकडून इस्पिकच्या राजाची उतारी. मेंढीकोटचा हात लगेच एक्क्याकडे जातो. थांबा, आधी मोजा. इस्पिकचा एक, बदामचे तीन, किलवरचा एक, असे पाच हात तयार. उरलेले चार चौकटमधून, पण त्यासाठी विरोधकांचा चौकटचा एक्का काढावा लागणार, म्हणजे एकदा त्यांच्या हाती डाव जाणार. आता समजा इस्पिकची बाहेरची आठ पानं ५-३ अशी फुटलीत, पाच डावीकडे. पहिल्याच हाताला एक्का मारलात आणि चौकटचा एक्का उजवीकडे निघाला, तर तो इस्पिक परत करतो, डावीकडचा चार इस्पिक काढतो, चौकटसकट पाच हात त्यांचे, तुमचा डाव एकाने बुडाला. एकदा सोडून दुसऱ्या हाताला मारलात तरी उजवीकडे एक इस्पिक शिल्लक असतो, आणि हिशोब पुन्हा पाचवरच येतो. दोनदा सोडायचं, तिसऱ्याला मारायचं. मग उजवीकडच्याला चौकटचा एक्का मिळाला तरी त्याच्याकडे परत करायला इस्पिक उरत नाही, आणि तुमचे नऊ हात सुखरूप. इस्पिक ४-४ फुटले असते तरी असं खेळून काही जात नाही: सोडलेले दोन, एक चौकट, एक इस्पिक, चारच हात त्यांचे. चौकटचा एक्काच पाच इस्पिकवाल्याकडे असेल तर कुणाचाच इलाज नाही.

किती वेळा सोडायचं याचा एक ठोकताळा आहे: सातातून त्या रंगाची आपली दोन्ही हातांतली मिळून पानं वजा करा. इथे पाच, म्हणून दोनदा. ब्रिज मास्टरच्या सुरुवातीच्या पातळ्यांवर बुडालेले बरेच डाव असे पहिल्या पानालाच बुडालेले असतात. म्हणून सवय लावायची ती एकच: डमी उघडली की माउसवरून हात काढायचा, तयार हात मोजायचे, कमी किती पडतात ते बघायचं, ते कुठून येतील ते ठरवायचं, आणि मगच डमीतलं पहिलं पान. नो ट्रम्पला तयार हात मोजायचे, हुकमाच्या करारात जाणारे. अर्धा मिनिट पुरतो.

तिसऱ्या पातळीपासून फुटीचे आकडे तोंडपाठ लागतात. बाहेर पाच पानं असतील तर ३-२ फुटायची शक्यता ६८ टक्के; सहा असतील तर ४-२ ची ४८ आणि ३-३ ची ३६; चार असतील तर ३-१ ची ५० आणि २-२ ची ४०. साधा फिनेस, म्हणजे मधलं मोठं पान अमुक विरोधकाकडेच आहे असं धरून त्याच्याहून लहान पानाने हात काढायचा प्रयत्न, ५०. नुसते आकडे पाठ करून उपयोग नाही, ते एकापुढे एक लावायचे असतात. एका रंगात ३-३ ची आशा आणि दुसऱ्यात फिनेस असे दोन मार्ग असतील तर आधी तो मार्ग तपासायचा जो फसला तरी दुसरा शिल्लक राहतो. उलट क्रमाने गेलात की एकाच मार्गावर सगळी भिस्त. चौथी-पाचवी पातळी वर्षानुवर्षं खेळलेल्यांनाही घाम फोडते. नवख्याने तिकडे फिरकू नये, उगाच हिरमोड.

बोलीची गोष्ट वेगळी, आणि इथे आमचं मत थोडं कडवट आहे. बीबीओवरचा रोबोट म्हणजे ‘जिब’. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९८ आणि १९९९ साली संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकलेला. तो ‘टू-ओव्हर-वन’ पद्धतीने बोलतो: बदाम-इस्पिकने सुरुवात करायला पाच पानं, एक नो ट्रम्पला १५ ते १७ पॉइंट आणि समतोल हात, म्हणजे कुठलाच रंग फार लांब किंवा फार तोकडा नसलेला. कोणत्याही बोलीवर माउस नेला की तिचा अर्थ दिसतो. ही सोय उत्तम आणि हाच सापळाही. अर्थ वाचून बोली निवडायची सवय लागली की डोक्यात काही उरत नाही. भिडू एक नो ट्रम्प बोलला, आपल्याकडे आठ पॉइंट आणि बदामची चार पानं, तर दोन किलवर बोलून त्याच्याकडे बदाम-इस्पिक विचारायचं हे कारणासकट आठवलं पाहिजे, पडद्यावर वाचून नव्हे. त्यातून रोबोटला तुमचा स्वभाव कळत नाही; तो वर्णनाबरहुकूम पॉइंट धरून चालतो, आणि वर्णनात एक पॉइंट जास्त लिहिलेला असला की स्लॅमला, म्हणजे तेरापैकी बारा हातांच्या करारात, घेऊन जातो.

बोलीसाठी इथलं योग्य साधन म्हणजे दोघांचं बोलीचं टेबल. तेही मोफत. तुम्ही आणि भिडू आपापल्या घरी, विरोधक नाहीत, पानं खेळायची नाहीत, फक्त बोली. वाटणीवर अटी घालता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. उदाहरणार्थ, एकाला १५ ते १७ पॉइंटचा समतोल हात आणि दुसऱ्याला किमान आठ पॉइंट अशी अट घालून सलग वीस डाव बोलायचे. दुसऱ्या दिवशी एकाला पाच इस्पिक आणि १२ ते १४. दोघांचे मिळून २५ झाले की गेम (बक्षिसाचे जादा गुण देणारा करार), ३३ ला स्लॅम, ३७ ला ग्रँड स्लॅम (सगळे तेरा हात) हा हिशोब असा वीस-वीस डावांनी अंगात भिनतो. बसायच्या आधी भिडूशी पद्धत मात्र पक्की करा. पुण्यातल्या जुन्या टेबलांवर प्रिसिजन ही वेगळी बोलीपद्धत खेळणारेही भेटतील, आणि त्यांचा एक किलवर म्हणजे किलवर नव्हे, १६ किंवा त्याहून जास्त पॉइंट.

बचाव हा या सेवेचा सर्वांत लंगडा पाय. ब्रिजमध्ये निम्मे डाव बचावाचे असतात, आणि बचाव म्हणजे भिडूला पानांतून खुणा देणं: मोठं पान टाकलं तर हा रंग हवा, लहान टाकलं तर नको, किंवा जोडी ठरवेल तसं. रोबोटाच्या खुणांवर विसंबता येत नाही आणि तो तुमच्या खुणांना फारशी दाद देत नाही. त्यासाठी माणूसच हवा. चौघं ओळखीचे असाल तर खासगी टेबल उघडा, किंवा शिकवायचं टेबल: तिथे शिकवणारा स्वतः तयार केलेले डाव चढवू शकतो, चारही हात उघडे करू शकतो, मागे जाऊन दुसरं पान टाकून दाखवू शकतो. पन्नाशीनंतर शिकणाऱ्या चार मैत्रिणींना एखादे निवृत्त काका शिकवणार असतील तर याहून चांगली खोली पुण्यात भाड्याने मिळणार नाही.

खुल्या टेबलांवर अनोळखी भिडूबरोबर बसायचं तर मन घट्ट करा. खेळाडूच्या नावापुढची ‘एक्स्पर्ट’ ही पदवी ज्याची त्याने लावून घेतलेली असते, त्यामुळे तिची किंमत तेवढीच. एक डाव बुडाला की भिडू निरोप न घेता उठून जातो. आणि गुरुवारी तुमच्या भागात महावितरणची दुरुस्ती असेल तर आधी बघून घ्या, नाहीतर उठून जाणारे तुम्ही असाल. गुणांची पद्धत निवडायची असेल तर शिकताना ‘इम्प’ घ्या, त्यात दुसऱ्या टेबलांशी फरक किती मोठा ते मोजलं जातं. ‘मॅचपॉइंट’मध्ये फरक कितीही लहान असला तरी फक्त कुणापेक्षा जास्त केलं एवढंच मोजतात, त्यामुळे एका जादा हातासाठी करार धोक्यात घालायची खोड लागते, ती नंतर सुटत नाही.

खेळलेला प्रत्येक डाव नोंदीत राहतो आणि त्याच पानांवर दुसऱ्या टेबलांवर काय झालं तेही दिसतं. तिथेच रोबोटाचं बटण आहे. ते दाबलं की प्रत्येक पानानंतर किती हात झाले असते ते दिसतं. सांभाळून वापरा. तो हिशोब चारही हात उघडे बघून केलेला असतो. त्याने दाखवलेलं ‘बरोबर’ पान बऱ्याचदा एकट्या राजाला पाडणारं असतं, जे कुठल्याही शहाण्याने खेळलं नसतं. आकडा बदलला तो क्षण शोधा आणि मग विचारा: त्या क्षणी मला दिसत होतं त्यावरून हे कळायला हवं होतं का?

मोबाइलवर तेरा पानं दाटीने बसतात आणि सत्तीऐवजी अठ्ठी दाबली जाते. सेटिंग्जमध्ये पान आणि बोली दोन्हींना दुजोरा मागणारं बटण चालू करा. दोनदा दाबावं लागतं, पण भिडूची माफी मागावी लागत नाही.

एक गोष्ट पडदा शिकवतच नाही. तो चुकीच्या रंगाचं पान टाकू देत नाही, पाळी नसताना उतारी करू देत नाही, हात मोजतो, सगळं सांभाळून घेतो. त्या लाडातून उठून क्लबच्या स्पर्धेला गेलात की रंग असताना दुसरं पान पडतं. ते पान टाकणाऱ्याचाच हात झाला आणि त्याच्या बाजूने पुढे आणखी एखादा हात केला तर दोन हात दंड. नाहीतर बहुधा एक. पाळी नसताना उतारी केली तर डाव खेळणाऱ्यापुढे पाच पर्याय उघडतात, आणि पाचही तुम्हाला महाग पडू शकतात. ऑनलाइन आपल्या खास बोलीचा इशारा आपणच देतो. टेबलावर तो भिडूने द्यायचा असतो. म्हणून जाण्याआधी घरी एक कॅट घेऊन चौघांनी दोन संध्याकाळ बसा. पानं मध्ये फेकायची नाहीत, प्रत्येकाने आपलं पान आपल्यासमोरच ठेवायचं. हात झाला की पान पालथं, भिडूच्या दिशेने उभं. गेला की आडवं. तेराव्या हाताला आडवी किती ते मोजा आणि मगच पानं गोळा करा.