सोनेरी भेक म्हणून १९,७४९ रुपयांना विकला गेलेला बेडूक

ऑनलाइन जाहिरात बघून मी 'सोनेरी भेक' (भेक म्हणजे टोड, खडबडीत कातडीचा बेडूक) पाळायला मागवला आणि फसले. गेले एकूण १९,७४९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक मध्येच "पण गेले किती?" विचारतात. ८,५०० ॲडव्हान्स, २,४९९ 'सरकारी नोंदणी', ३,७५० हवामान नियंत्रित बॉक्स आणि विमानाचं भाडं, ५,००० परत मिळणारं डिपॉझिट. काचेची टाकी, जाळीचं झाकण, कोकोपीट यांचे ४,२६० वेगळे. ते मी माझ्या हाताने दुकानात दिले, यात धरत नाही.

अशा ऑनलाइन फसवणुकीची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. दोनच नग शिल्लक, खूश गिऱ्हाइकांचे व्हॉइस मेसेज, दर वेळी पैसे भरले की नवी अडचण. फरक एवढाच की इथे माल खरोखर येतो. रिकामा खोका आला असता तर मी त्याच रात्री बोंब मारली असती. जिवंत, उड्या मारणारा प्राणी हातात आल्यावर कोण तक्रार करायला धावतं?

जाहिरात होती 'कोस्टा रिकाचा गोल्डन टोड (म्हणजेच सोनेरी भेक), ब्रीडिंग सेंटरमध्ये जन्मलेला'. आता मला त्याची कुंडली पाठ आहे. माँटेव्हर्देच्या डोंगरातल्या एका छोट्या पट्ट्यात तो सापडायचा. १९८७ साली दीड हजारांच्या आसपास दिसले, १९८९ साली एकच नर, त्यानंतर कुणालाच नाही. २००४ साली तो नामशेष म्हणून जाहीर झाला. म्हणजे मी नामशेष प्राण्याचं डिपॉझिट भरलं. हसा. माझ्या नणंदेचं हसून झालंय. पण विक्रेत्याने हे लपवलं नव्हतं हो! "जंगलात एकही उरला नाही मॅडम, म्हणून तर ब्रीडिंगवाल्यांकडे एवढा महाग." आता सांगा, यावर तुम्ही काय म्हणाला असतात? मी पंधरा जातींचे मासे सांभाळलेली बाई आहे, अगदीच भोळी नाही.

मला जाळतो तो विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ. पिवळाधमक नर, ओल्या सिमेंटवर बसलेला. डोळ्यांच्या वरून आणि कडेने उठावाच्या काळ्या रेघा, काजळ ओढल्यासारख्या. पाठीवर चामखिळींची रांग, प्रत्येकीचं टोक काळं. जाहिरातीतल्या फोटोतला प्राणी मात्र नारिंगी आणि गुळगुळीत. दोन्ही माझ्या फोनमध्ये, एकाखाली एक. आणि व्हिडिओचा आवाज वाढवला की मागे पाऊस आणि शंभरेक बेडकांचं डरांव डरांव. कसलं ब्रीडिंग सेंटर! ते शेताच्या बांधाजवळचं डबकं होतं. मी विचारलंसुद्धा, "हा एवढा खडबडीत का?" उत्तर आलं, "ॲडल्ट मेल आहे, मॅच्युअर झाला की येतं." विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. त्या घडीला ३,७५० आणि ५,००० द्यायचे बाकी होते. तिथेच थांबले असते तर ८,७५० वाचले असते. हा हिशोब रोज रात्री होतो माझा.

खरी गोष्ट अशी की आपल्याकडच्या साध्या भेकाचा नर विणीच्या हंगामात, चांगला पाऊस झाला की, थोड्या काळापुरता पिवळाजर्द होतो. गर्दीत नर-मादी ओळखू यावेत म्हणून. मग परत मातीच्या रंगाचा. हे लोक त्याच दिवसांत डबक्यावरून उचलतात, तिथेच व्हिडिओ काढतात आणि रंग उतरायच्या आत पाठवून देतात. विमानाचं भाडं भरलेला माझा राजपुत्र आला ट्रॅव्हल्सच्या बसने, थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या स्पंजवर. सकाळपर्यंत सगळा पिवळा रंग गायब. सासूबाई चहाचा कप घेऊन टाकीजवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा आपल्या मोरीत येतो तोच की!"

विक्रेता म्हणाला स्ट्रेस आहे, १,२५० ची कलर पावडर घ्या. ती मात्र मी घेतली नाही, एवढं तरी माझ्या खात्यावर लिहा.

(ज्यांच्या गळ्यात असा भेक पडलाय त्यांनी डोळ्यांमागच्या फुगीर गाठी दाबू नयेत, तिथे विष असतं. हात धुवा, कुत्र्याला लांब ठेवा. नळाचं क्लोरिनवालं पाणी नको, तो कातडीतून पाणी घेतो. मेलेलं अन्न तो खात नाही, हलणारं लागतं. गोळ्यांचा डबा विकला असेल तर तेही पैसे गेले.)

आता कचेऱ्या. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, तर "वस्तू मिळाली ना? मग ग्राहक हेल्पलाइन." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वाल्यांना विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच गेले नसते का? पोलीस ठाण्यात हवालदाराने प्राणी कोणता विचारलं. बेडूक म्हटल्यावर त्याने आणि शेजारच्याने एकमेकांकडे पाहिलं. "ताई, पाऊस पडला की इथे व्हरांड्यात येतात, न्या हवे तेवढे." बँक म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. वनखात्यातल्या साहेबांनी तर मलाच धरलं. परदेशी असेल तर आयातीचे कागद दाखवा, इथला असेल तर रानातला जीव घरात कसा? तक्रारीत 'गोल्डन टोड' लिहिलं तर असा प्राणीच नाही, 'साधा भेक' लिहिलं तर त्याला किंमत नाही, मग नुकसान कसलं? हे वाक्य एका सरकारी माणसाने मला तोंडावर, पान चघळत ऐकवलंय. अर्ज 'पुढील कार्यवाहीस्तव' म्हणून कुठल्या टेबलावर आहे ते त्या टेबलालाच माहीत.

तरीही १९३० वर लगेच फोन करा, माल आला तरी. पैसे खात्यातून काढून घेतले जाण्याआधीच अडवता येतात, आणि मला तिथे उशीर झाला. यूपीआयवर दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर हात आवरा. परदेशी प्राण्याची परिवेश पोर्टलवरची (केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची वेबसाइट) नोंदणी मालकाने स्वतः करायची असते, 'आम्ही करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि आलेला बेडूक दिसेल त्या तळ्यात सोडू नका, कातडीची बुरशी असली तर ती तिथल्या बेडकांनाही लागू शकते. माझा अजून टाकीतच आहे, गांडुळं खातोय.

विक्रेत्याचं ऑनलाइन पान बंद झालं होतं. या आठवड्यात नव्या नावाने परत सुरू झालंय. व्हिडिओ तोच, ओल्या सिमेंटवरचा. ॲडव्हान्स आता ९,५०० आहे.