वॉकर की चार पायांची काठी?

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मावसभावाचा फोन आला, "वॉकर घेऊ की ती खाली चार पाय असलेली काठी?"

आधाराचं म्हणाल तर वॉकरला तोड नाही. पुढून, दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. काठीचा आधार एकाच हाताला, आणि तीही दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. (बरेच जण नेमकी उलटी धरतात.) पण अर्धांगवायूने एक हात लुळा पडला असेल तर साधा वॉकर उचलणार कसा? तिथे काठीच.

खरी गोची घरात होते. आमच्या जुन्या घरात मोरीचं दार इतकं अरुंद, की आजी वॉकर बाहेर ठेवून भिंत धरत आत जायची. म्हणजे पडायची भीती जिथे सर्वांत जास्त, तिथेच आधार नाही! तेव्हा आधी दार टेपने मोजा. जिन्यावर वॉकर नको. काठी चालते, पण चारही पाय पायरीवर मावले तरच.

काठी सहसा स्वस्त पडते. रबरी बूट दोन्हींचे झिजतात, ते वेळेवर बदला. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अशी साधनं मोफत मिळतात.

मावशीला सुरुवातीला वॉकर, पाय सावरला की डॉक्टरांना विचारून काठी. नुसती एका बाजूला कमजोरी असेल, दोन्ही पायांवर बऱ्यापैकी भार पेलत असेल, तर थेट काठी घ्या.