लेवीय ११ की अनुवाद १४: आधी कोणता अध्याय घ्यावा?

बायबलमधले शुद्ध-अशुद्ध आहाराचे नियम अभ्यासगटात घ्यायचे ठरले, की लेवीय ११ किंवा अनुवाद १४ यांतून एक निवडावा लागतो (लेवीय आणि अनुवाद ही जुन्या करारातली दोन पुस्तकं). जनावराला दुभंगलेले खूर आणि रवंथ, जलचराला पर (पोहायचे पंख) आणि खवले या कसोट्या दोन्हीकडे त्याच आहेत, तेव्हा निवड त्यांवर ठरत नाही.

लेवीय ११ ची वचने ४७, अनुवादातला हा भाग १९ वचनांचा (३ ते २१). पण लांबीची अडचण नाही. अडचण अशी, की लेवीयात खाण्याचं पथ्य आणि विटाळ एकाच अध्यायात एकमेकांत गुंफले आहेत. २३ व्या वचनापर्यंत काय खावं ते चालतं. २४ पासून मेलेल्या जनावराला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध, त्याचं शव उचलणाऱ्याने कपडे धुवावेत, हे सुरू होतं. मग सरपटणारे आठ प्राणी येतात. त्यांतला एखादा मरून लाकडी भांड्यावर, कपड्यावर, कातड्यावर किंवा गोणपाटावर पडला, तर ती वस्तू पाण्यात घालायची आणि संध्याकाळी ती शुद्ध. मातीच्या भांड्यात पडला, तर भांडं फोडायचं. भट्टी आणि चूलही फोडायची. झरा किंवा पाण्याची टाकी मात्र शुद्धच. पेरायचं कोरडं बी शुद्ध, त्यावर पाणी पडलेलं असेल तर अशुद्ध.

यात मराठी वाचक हमखास फसतो. ‘विटाळ’ हा शब्द आपल्याकडे इतका सर्वव्यापी आहे की कोळंबीला हात लागला तरी माणूस अशुद्ध झाला, असं गटातलं कोणीतरी ठरवून टाकतं. मूळ मजकुरात पर-खवले नसलेल्या जलचरांना ‘ओंगळ’ म्हटलंय. त्यांना शिवल्यास संध्याकाळपर्यंत अशुद्ध, असं कलम तिथे नाही. उंटाचं मांस वर्ज्य, आणि विटाळ त्याच्या शवाचा, जिवंत उंटाचा नव्हे. तसं नसतं तर अब्राहामाच्या सेवकाला दहा उंट घेऊन प्रवास कसा करता आला असता? हा गुंता सोडवण्यात पहिली बैठक जाते, एवढ्या एका कारणासाठी माझा कल अनुवादाकडे आहे. तिथे शिवण्याचा उल्लेख एकदाच येतो, डुकराच्या वचनात.

अनुवाद १४ मध्ये खाता येणाऱ्या दहा चतुष्पादांची नावंही दिली आहेत: बैल, मेंढरू, बकरं, आणि सात रानटी प्राणी. त्या सातांपैकी काहींची ओळख अनिश्चित आहे, पण लेवीयात अशी यादीच नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हेही इथेच २१ व्या वचनात आहे. निर्गम या पुस्तकात ते दोनदा येतं (२३:१९, ३४:२६), लेवीयात नाही. मांसाबरोबर जनावराचं दूध नको, असा ज्यू परंपरेत याचा अर्थ घेतात; कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या मटणाच्या रश्शात नारळाचं दूध का, हे समजायला हेच वचन लागतं. (परांपाशी कसोटी संपत नाही, हे कोकणाच्या बाजारात पटकन दिसतं: शिंगाळ्याला पर आहेत, खवले नाहीत, म्हणून तो बाद.)

लेवीयाची बाजूही सांगायला हवी. उंट, शाफान (खडकांत राहणारा सशाएवढा प्राणी), ससा आणि डुक्कर यांत काय कमी पडतं ते तिथे एकेकाचं सांगितलंय. अनुवादात पहिले तिघे एकाच वचनात उरकले आहेत. चार प्रकारचे टोळ खाण्याची मुभा लेवीयात आहे (११:२२), अनुवादात त्याचा उल्लेखच नाही. आपोआप मेलेल्या शुद्ध जनावराबाबतही दोन्ही वेगळे बोलतात: लेवीय खाणाऱ्याला कपडे धुवायला सांगतो, अनुवाद खाऊच नका म्हणतो, परक्याला द्या किंवा विका.

रक्ताचा नियम मात्र दोन्ही अध्यायांत नाही. तो लेवीय १७ आणि अनुवाद १२ मध्ये आहे. चरबीचा लेवीय ३ आणि ७ मध्ये. हे सुटलं, तर पुढे नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये १५ समजत नाही. तिथे अन्यजातीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना मूर्तीचा नैवेद्य, रक्त आणि गुदमरून मेलेलं मांस यांपासून दूर राहायला सांगितलंय. खूर-खवल्यांचा विषय तिथे निघतच नाही. शुद्ध-अशुद्ध अन्नाचा विषय जिथे पुन्हा निघतो ते मार्क ७ आणि कृत्ये १० त्यानंतर घ्यावेत.

म्हणून क्रम शक्यतो असा: आधी अनुवाद १४:३-२१, मग तुलनेला लेवीय ११:१-२३. विटाळाची २४ ते ४० ही वचने लेवीय १५ (शरीरस्रावाच्या विटाळाचा अध्याय) बरोबर वाचावीत. मातीचं भांडं फोडा, लाकडी धुवा, हा नियम तिथे १२ व्या वचनात पुन्हा भेटतो, आणि तिथे खाण्याचा विषयच नसतो.